चौदा नंबरचा अंगठा

समस्त बोईसरकर, तारापूरकर, बेटेगावचे ग्रामस्थ, तसेच शिफ्टच्या बसमध्ये खिडकी अडवून झोपणारे बंधू आणि भगिनी यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिका वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मान्यताप्राप्त विविधता व समावेशन व्यावसायिक झाली आहे. मान्यता तूर्तास तात्पुरत्या स्वरूपाची आहे. तरी ज्यांना आजवर कोठूनही वगळण्यात आले असेल, त्यांनी वगळल्याच्या पुराव्यासह कार्यालयीन वेळेत समक्ष येऊन भेटावे. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी राहील. शुक्रवारी कारखाना बंद असतो. त्या दिवशी कोणी वगळले गेल्यास शनिवारी यावे.

हुश्श. एवढं जाहीर केलं की बरं वाटतं. आता झालं काय ते सांगते.

आमचा बोईसरचा कारखाना औषधाच्या गोळ्यांची खोकी बनवतो आणि भरून देतो. गोळ्या दुसरेच कोणी करतात, आजारी तिसरेच पडतात, आम्ही मधले. मी तिथे बावीस वर्षं आहे. नवऱ्याला तारापूरच्या प्रकल्पात नोकरी लागली म्हणून सांगलीकडून आले आणि इथलीच झाले. पहिल्यांदा माझ्या दारावर ‘कामगार विभाग’ अशी पाटी होती, नंतर ‘मनुष्यबळ’ झाली, आणि हल्ली इंग्रजीत काहीतरी लांबलचक आहे ज्यात माणसं, संस्कृती आणि आनंद हे तिन्ही शब्द येतात. टेबल मात्र तेच आहे. त्याचा डावा खण बावीस वर्षांत उघडलेला नाही.

मागच्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमच्या साहेबांना विचारलं की तुमच्याकडे समावेशनाचा मान्यताप्राप्त माणूस आहे का. साहेबांनी ताबडतोब कळवलं, आहे. मग मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तो माणूस मी आहे. मीच का, असं विचारल्यावर ते म्हणाले, कामगार दिनाच्या कार्यक्रमात तुमचं सूत्रसंचालन छान असतं. पात्रतेची याहून कसून तपासणी मी आयुष्यात पाहिली नव्हती. लग्न ठरवतानासुद्धा.

मान्यता मिळवायच्या तीन पायऱ्या होत्या. आधी दहा दिवसांचं निवासी शिबिर. मग पुराव्यांची फाइल, म्हणजे आपण आजवर कोणाकोणाला सामावून घेतलं त्याचे फोटो. आणि शेवटी मूल्यमापक बाई कारखान्यात येऊन माणसांशी बोलणार. सगळं पार पडलं की नावापुढे लावायला इंग्रजी अक्षरं मिळतात. माझ्या नावापुढे आजवर फक्त शिधापत्रिकेवर काहीतरी लागलं होतं, तेही चुकीचं.

आता इथे मला एक जुनी भानगड सांगावी लागेल. ती फाइलमध्ये नव्हती.

चार वर्षांपूर्वी आमच्या गेटवर अंगठ्याचं मशीन बसलं. त्याआधी हजेरी वहीत असायची आणि वही वॉचमनकडे. आमचा वॉचमन जौनपूरकडचा, मिशी पांढरी, अक्षर मोत्यासारखं. पण वही मागासलेली आणि मशीन पुढारलेलं, असं ठरलं. सगळ्या कामगारांची बोटं नोंदवायला एक इंजिनीअर आला. दीडशे माणसांची बोटं घेतली आणि पॅकिंगमधल्या एका मावशींपाशी अडला.

या मावशी समुद्राकाठच्या गावातल्या. पहाटे बंदरावर जायचं, मासळी निवडायची, कोळंबी सोलायची, आणि मग सहा आसनी रिक्षात बारावी म्हणून बसून नऊला आमच्या गेटवर हजर व्हायचं. लहानपणापासून कोळंबीची टरफलं, मीठ आणि बर्फ यात हात घातल्यावर बोटांवर रेषा कशाला थांबतील? गुळगुळीत झालेली दहाच्या दहा बोटं त्यांनी एकेक करून मशीनवर ठेवली. गावच्या इतर दोघीतिघींची बोटं डोक्याच्या तेलात घासून, पदराला पुसून, तिसऱ्या-चौथ्या खेपेला उमटली. मावशींची नाहीच. मशीन दर वेळी एका गोड बाईच्या आवाजात पुन्हा प्रयत्न करा म्हणायचं. इंजिनीअरने असं कधी झालेलं नाही असं सांगितलं, आणि साहेबांनी त्यांच्या नेहमीच्या दूरदृष्टीने तोडगा काढला की ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांना पुढच्या महिन्यापासून कंत्राटदाराला बदलून द्यायला सांगा.

माणसाऐवजी मशीन बदलू या, असं मी म्हणायला हवं होतं. मी तशी बोलकी आहे. पण साहेबांपुढे माझं सूत्रसंचालन तेवढं चालतं, संवाद चालत नाहीत.

इंजिनीअरला पावणेसहाची गाडी गाठायची होती. तो मोबाइलवर बोलत बाहेर गेला तेवढ्यात मी मावशींच्या नंबरावर, म्हणजे चौदा नंबरावर, माझा डावा अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, धन्यवाद. वॉचमनने पाहिलं आणि तो आभाळाकडे बघू लागला.

झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी मी गेटवर उजव्या हाताचं पहिलं बोट लावून स्वतः हजर व्हायची आणि डावा अंगठा लावून मावशींना हजर करायची. संध्याकाळी तसंच उलट. एक नियम मात्र मी कडक पाळला. मावशी समोर उभ्या दिसल्याशिवाय अंगठा लावला नाही. त्यामुळे त्यांची रिक्षा अडकली की कारखान्याची अधिकारी गेटवर पर्स सांभाळत कामगाराची वाट बघत उभी, असा देखावा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीने अनेकदा पाहिला. मी रजेवर असले की वॉचमन डायरीत लिहून ठेवायचा आणि मी आल्यावर संगणकात दुरुस्ती करायची. तो अधिकार माझ्याकडे होता.

मावशी त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. फक्त पावसाळ्यापूर्वी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेलं सुक्या बोंबलांचं पुडकं यायचं. वासावरून सगळ्या मजल्याला कळायचं.

एवढी पार्श्वभूमी झाली. आता शिबिर.

शिबिर पुण्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. सभागृह इतकं गार की समावेशनाचं महत्त्व पहिल्या तासातच पटलं, कारण आम्ही चाळीस जण तीन शाली आळीपाळीने पांघरत होतो. आल्या आल्या आमचे मोबाइल एका वेताच्या टोपलीत गोळा करण्यात आले. कारण काय, तर पूर्ण उपस्थिती. इथे असाल तर इथेच असा, असं मुख्य प्रशिक्षक म्हणाले. फार सुंदर बोलायचे. जेवायला मात्र ते आणि त्यांचे सहकारी काचेपलीकडच्या वेगळ्या खोलीत बसत. तिथे पनीर असायचं.

तिथे मी पुष्कळ शिकले. स्वतःची ओळख एका रंगातून करून द्यायला शिकले. मी जांभळा सांगितला. एका रांगेत उभं राहून, बालपणी घरात पुस्तकं असतील तर एक पाऊल पुढे, असा खेळ खेळले. माझ्या घरात वडिलांची वीजबिलं बांधलेली होती, ती पुस्तकं धरायची का यावर दहा मिनिटं चर्चा झाली. आणि पाचव्या दिवशी नाट्यीकरण होतं. मला वगळलेल्या स्त्रीची भूमिका मिळाली. आता मला भूमिका देणं म्हणजे काय, हे ज्यांनी आमच्या कॉलनीच्या गणपतीतली नाटकं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. मी दाराबाहेर उभी राहिले. मी आत पाहिलं. मी काही न बोलता पदराचं टोक पिळलं. पहिल्या रांगेत बसलेल्या बँकेतल्या एका मोठ्या अधिकारी बाईंना हुंदका आला. टाळ्या पडल्या. मला बक्षीस म्हणून बांबूचं पेन मिळालं.

त्याच वेळी इकडे बोईसरला मावशी गेटवर उभ्या होत्या आणि मशीन त्यांना पुन्हा प्रयत्न करा म्हणत होतं.

मला त्याची चिंता नव्हती. वॉचमनला सांगून ठेवलं होतं, डायरीत लिही, मी आल्यावर बघते. शिबिर संपल्यावर टोपलीतून मोबाइल घेतला तर त्याचे सतरा फोन येऊन गेलेले. मला वाटलं कुठे आग लागली.

आग नव्हती, पत्रक होतं. मुख्य कार्यालयाने मी नसताना हजेरीत पारदर्शकता आणली होती. पारदर्शकता म्हणजे माझा दुरुस्तीचा अधिकार काढला होता. यापुढे मशीनने गैरहजर म्हटलं की गैरहजर. कोणाला बदल हवा असेल तर साहेबांच्या सहीने अर्ज, आणि कारण यादीतून निवडायचं: वीज गेली, मशीन बंद, कंपनीच्या कामाने बाहेर, इतर. ‘इतर’ निवडलं तर खुलासा जोडायचा आणि तो मुख्य कार्यालय तपासणार. त्याच पत्रकात दुसरा मुद्दा होता. पॅकिंगमधल्या ज्या कंत्राटी बायकांची गेल्या वर्षभरात मशीनवर दोनशे चाळीस दिवसांची हजेरी भरेल, त्यांना कायम करणार. यादी महिनाअखेरीस बंद.

मावशींनी सहा वर्षं या यादीची वाट पाहिली होती. त्यांचा नवरा आता बोटीवर जात नव्हता, डोळ्यांनी जमत नव्हतं. कायम झाल्या असत्या तर पहाटेची कोळंबी सुटली असती आणि गुडघ्यांना दवाखाना मिळाला असता. पावसाळ्यात त्याच गुडघ्यांनी त्यांना दीड महिना घरी बसवलं होतं, तरी हिशेब जुळत होता. नऊ दिवस सोडून. शिबिराच्या दहा दिवसांतला एक शुक्रवार वजा केला की नऊच राहतात. मशीनप्रमाणे त्यांची हजेरी भरत होती दोनशे चौतीस.

वॉचमनने मला गेटवर गाठलं आणि सगळ्या प्रशिक्षणाचं सार एका वाक्यात सांगितलं. “मैडमजी, आप वहाँ हाजिर थीं, इसलिए मौसी यहाँ गैरहाजिर थी.”

मी मावशींना पॅकिंगच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. वाटलं रडतील, निदान चार शब्द सुनावतील. त्यांनी हातातलं खोकं बंद केलं, पट्टी चिकटवली आणि विचारलं, “मंग ते नऊ दिवस ही खोकी कुनाच्या हातानं भरली?”

आणि तिथेच मला सुचलं. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या खोक्यात भरणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी टाकतात, आणि तिची दुसरी प्रत बुकात राहते. खोक्यात गोळ्यांची पाकिटं कमी निघाली तर कोणाला बोल लावायचा, हे कळावं म्हणून. नऊ दिवसांची चौदा नंबरची बुकं मी शोधून काढली. तारीख, वेळ, सुपरवायझरची सही. मशीनच्या मते त्या नऊ दिवसांत मावशी कारखान्यात नव्हत्या आणि बुकांच्या मते त्याच नऊ दिवसांत त्यांच्याइतकी खोकी कोणीच भरली नव्हती. बुकं एका खाकी पाकिटात घातली. आता फक्त ते पाकीट घेऊन साहेबांकडे जायचं आणि सांगायचं की गेली चार वर्षं तुमच्या कारखान्यात एका बाईची हजेरी दुसरी लावते आहे, आणि ती दुसरी मी. दुसऱ्याची हजेरी लावणं म्हणजे सरळ कामावरून कमी. ती नोटीस बोर्डावर माझ्याच सहीने लागलेली आहे.

पहिल्या दिवशी गेले तर साहेब फोनवर होते. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मोकळे होते. मी त्यांना विचारलं की मूल्यमापक बाईंना चहा द्यायचा की ग्रीन टी. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला समजावलं की आधी मान्यता मिळू दे, मान्यताप्राप्त माणसाच्या बोलण्याला वजन असतं. शिबिरात याला काहीतरी छान नाव होतं. सांगलीला याला घाबरणं म्हणतात.

मूल्यमापन यादी बंद व्हायच्या तीन दिवस आधी होतं. साहेबांनी तयारीत कसूर ठेवली नाही. ‘येथे सर्व समान’ अशी तीन भाषांतली पाटी करून घेतली आणि ती अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत लावली, कारण खिळा तिथेच होता. माझ्या फाइलमध्ये बेचाळीस फोटो होते. एकात मी आणि वॉचमन हसतो आहोत. तो का हसतो आहे, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

मूल्यमापक बाई मुंबईहून आल्या. साधी सुती साडी, मऊ आवाज, कोणी काही बोललं की, मी ऐकते आहे, असं म्हणायच्या. फाइल पाहिली, मान डोलावली. मग त्यांनी पर्समधून एक कागद काढला आणि सांगितलं की आमच्या पद्धतीप्रमाणे आम्ही अशा व्यक्तीशी बोलतो, जिची गैरहजेरी अलीकडे अचानक वाढली आहे. माणूस न सांगता येईनासा होतो, तेव्हा बहुतेक त्याला कोणीतरी दूर लोटलेलं असतं.

मी आजही त्या पद्धतीला दाद देते. संगणकाने एकच नंबर काढून दिला. चौदा.

मावशींना बोलवायला मीच गेले. पाकीट फाइलखाली घेतलेलं होतं. व्हरांड्यात मी त्यांना म्हटलं की मी आत्ता सगळं सांगून टाकणार आहे. त्या चालता चालता थांबल्या. “गप ऱ्हा, बाय,” त्या म्हणाल्या. “तुजी परीक्षा हाय. ती होऊंदे आदी.”

सामावून घेणं म्हणजे काय, यावर मी दहा दिवस व्याख्यानं ऐकली होती. त्यातल्या कोणत्याही तासाला हे शिकवलं नव्हतं.

आत साहेब, बाई, मावशी आणि मी. बाईंनी खुर्ची मावशींच्या शेजारी ओढली आणि अतिशय हळुवारपणे विचारलं की त्या नऊ दिवसांत तुम्हाला कामावर यावंसं वाटलं नाही का, कोणी काही बोललं का, कोणी तुटक वागलं का. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघे दुखत होते म्हणाल्या. बाई म्हणाल्या, मी ऐकते आहे. मावशी म्हणाल्या, गुडघेच. साहेबांनी समाधानाने ग्रीन टीचा घोट घेतला. मी फाइलखालचं पाकीट घट्ट धरून बसले होते. बावीस वर्षांची बोलकी बाई मी, आणि जीभ टेबलाच्या त्या डाव्या खणासारखी झाली होती.

यानंतर एक वाक्य बोललं गेलं. ते सांगितल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून पुढचं आधी सांगून टाकते.

त्या वाक्यानंतर मी पाकीट टेबलावर पालथं केलं. नऊ दिवसांची बुकं बाहेर आली, आणि त्यांच्यामागून चार वर्षांची हकिकत. साहेबांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. पण बाई समोर बसलेल्या असल्यामुळे त्यांना दोन्ही रंगांत हसावं लागलं. त्यांनी त्याच बैठकीत अर्जावर ‘इतर’ या कारणापुढे सही केली. खुलासा मी लिहिला, आणि तो इतका लांब झाला की मुख्य कार्यालयाने बहुधा न वाचताच मंजूर केला. मावशींचं नाव यादीत लागलं. आता त्या पहाटे झोपतात, आणि मला म्हणतात की झोपच येत नाही. गेटवर मशीनशेजारी पुन्हा वही आली आहे. ज्यांचं बोट उमटत नाही ते तीत सही करतात, आणि वॉचमनचं मोत्यासारखं अक्षर पुन्हा कामाला लागलं आहे. मशीनमधून माझा अंगठा काढून टाकला. पहिले काही दिवस तो सकाळी नऊला आपोआप पुढे व्हायचा.

दुसऱ्याची हजेरी लावल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. कंपनीतल्या ताकिदी लिहिण्याचं काम माझ्याकडेच असल्याने ती मीच लिहिली. भाषा कडक ठेवली, दोनदा सुधारली, साहेबांची सही घेतली आणि स्वतःच्या हाती देऊन पोच घेतली. मान्यतेच्या निकालात मला ‘वैयक्तिक गरजेनुसार सोय’ या सदरात पैकीच्या पैकी आणि ‘सचोटी’ या सदरात काठावर गुण मिळाले, म्हणून तात्पुरती. पक्कं व्हायला उजळणी करायची आहे, पण ती आता घरूनच करायची परवानगी आहे. ही सवलत त्यांच्या इतिहासात पहिलीच, असं कळवण्यात आलं. ती कशी मिळाली, ते आता बघा.

मावशींच्या गुडघ्यांपुढे बाईंचं काही चाललं नाही, तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि साहेबांकडे वळल्या. म्हणाल्या, तुमच्या मॅडमची तळमळ दिसते आहे, पण माणूस नऊ दिवस दिसेनासा होतो आणि त्यांच्या लक्षात येत नाही, ही उणीव आहे. पूर्ण मान्यतेसाठी त्यांना आणखी दहा दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवावं लागेल. साहेब लगेच म्हणाले, हो हो, येत्या सोमवारीच पाठवतो. आणि तोवर गुडघ्यांपलीकडे एक शब्द न बोललेल्या मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि मूल्यमापक बाईंचा हात धरून बोलून गेल्या:

“नको गं बाय, हिला परत नको धाडू. ही आमाला सामावून घ्याया शिकाया जाते, आनि तितके दिवस माजा खाडा पडतो.”